न दिसलेल्या ग्रहणांची नोंद

आजच्या या स्मृतिव्याख्यानासाठी मी चंद्रग्रहणांच्या आवर्तनांचा विषय घेतला आहे. सुरुवातीला दोन पौर्णिमा शेजारी शेजारी ठेवू. पहिली १९७१ सालची श्रावणी पौर्णिमा. ६ ऑगस्टची मध्यरात्र उलटल्यावर सव्वा वाजण्याच्या सुमारास खग्रास चंद्रग्रहणाचा मध्य होता आणि चंद्र आपल्या क्षितिजाच्या बराच वर होता. दुसरी २०२५ सालची भाद्रपद पौर्णिमा, ७ सप्टेंबर. तेव्हाही ग्रहण खग्रास, मध्य रात्री ११ वाजून ४१ मिनिटांनी. दोहोंत अंतर १९,७५६ दिवसांचे. ही दोन्ही ग्रहणे एकाच मालिकेतली आहेत आणि त्यांच्या दरम्यान त्याच मालिकेतली आणखी दोन होऊन गेली : १७ ऑगस्ट १९८९ आणि २८ ऑगस्ट २००७. तीही खग्रासच होती. पण एकाचा मध्य आपल्या घड्याळात सकाळी साडेआठनंतर आणि दुसऱ्याचा दुपारी चारनंतर आला. महाराष्ट्रात त्या वेळी चंद्र क्षितिजाखाली होता. ज्याने केवळ डोळ्यांवर भिस्त ठेवली, त्याच्या वाट्याला चारांपैकी दोनच ग्रहणे आली, तीही चौपन्न वर्षांच्या अंतराने. मधल्या काळात इतर मालिकांतली कितीतरी ग्रहणे त्याने पाहिली असतील. त्या गर्दीतून या दोघांचे नाते त्याला कसे ओळखू यावे? माझे म्हणणे असे आहे की ग्रहणांचे आवर्तन नुसते आकाशाकडे पाहून कुणाला सापडलेले नाही आणि सापडण्याजोगेही नाही. ते नोंदवहीत सापडले. त्या वहीत जे दिसले तेवढेच लिहिले असते, तर ते तिथेही सापडले नसते. ग्रहणाची वेळ आली, पण ग्रहण दिसले नाही, ही ओळ लिहिणाऱ्यांनी हा शोध लावला.

हे पटवून देण्यासाठी आधी आवर्तनाचे गणित पाहू. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३०६ दिवस जातात. दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, कारण चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. पौर्णिमेचा चंद्र बहुतेक वेळा पृथ्वीच्या छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. कक्षा क्रांतिवृत्ताला जिथे छेदते ते दोन पातबिंदू म्हणजे आपल्या पंचांगातले राहू आणि केतू. एखाद्या पातापासून निघून चंद्र पुन्हा त्याच पाताशी यायला २७.२१२२ दिवस लागतात. आता २२३ चांद्रमास मोजले तर ६,५८५.३२ दिवस होतात आणि २४२ पातमास मोजले तर ६,५८५.३६. दोन्ही बेरजांत तासाभराचाही फरक नाही. चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतरही कमीजास्त होत असते. त्याचा फेरा २७.५५४६ दिवसांचा आणि तसे २३९ फेरे ६,५८५.५४ दिवसांत पुरे होतात. म्हणून अठरा वर्षे आणि दहा-अकरा दिवसांनी पौर्णिमा, पात आणि चंद्राचे अंतर ही तिन्ही जवळजवळ जुन्या जागी येतात. ऋतूही तोच असल्याने सूर्याचे अंतरही फारसे बदललेले नसते. ग्रहण पुन्हा होते, आणि तेही जवळपास तसेच. राहतो तो दिवसाचा एक तृतीयांश. तेवढ्या आठ तासांत पृथ्वी १२० अंश फिरते आणि ग्रहण जगाच्या वेगळ्या भागात दिसते. तीन आवर्तने झाली की तुकडे जुळून पूर्ण दिवस होतो आणि ग्रहण साधारण त्याच प्रदेशात परतते. १९७१ आणि २०२५ यांच्या वेळांत दीड तासाचे अंतर पडले, एवढेच.

पण या अठरा वर्षांच्या पोटात काय दडले आहे, तिकडे मला अधिक लक्ष वेधायचे आहे. सूर्याला एका पातापासून समोरच्या पातापर्यंत जायला १७३.३१ दिवस लागतात. सहा चांद्रमासांचे दिवस होतात १७७.१८. म्हणजे एका ग्रहणानंतर सहा महिन्यांनी पुन्हा ग्रहणाची पौर्णिमा येते, पण सूर्य पाताच्या जवळपास चार दिवस पुढे गेलेला असतो. आणखी सहा महिन्यांनी आणखी चार दिवस. असे सात-आठ वेळा झाले की सूर्य पातापासून इतका दूर जातो की सहाव्या महिन्याची पौर्णिमा निरुपयोगी ठरते. त्याऐवजी पाचव्या महिन्याची पौर्णिमा ग्रहणयोग्य होते. पाच चांद्रमास १४७.६५ दिवसांचे, म्हणजे सूर्य एकदम साडेपंचवीस दिवसांहून थोडा अधिक मागे येतो आणि पुन्हा सहा-सहा महिन्यांची चाल सुरू होते. २२३ महिन्यांत ग्रहणयोग्य पौर्णिमा अडतीस येतात : तेहतीस वेळा सहा महिन्यांचे अंतर, पाच वेळा पाच महिन्यांचे. तेहतिसांच्या वाट्याने सूर्य सुमारे १२७.८ दिवस पुढे सरकतो, पाचांच्या वाट्याने १२८.३ दिवस मागे. अर्ध्या दिवसाचा फरक सोडला तर हिशेब चुकता होतो. आवर्तन टिकते ते या चुकत्या हिशेबावर. आणि तो अर्धा दिवस साठत जातो, म्हणून एक ना एक दिवस मालिका संपते.

आता असा विचार करा की एखाद्याने बाबिलोनमध्ये किंवा पैठणला बसून आयुष्यभर फक्त दिसलेल्या ग्रहणांच्या तारखा लिहिल्या. अडतिसांपैकी बरीच ग्रहणे त्याच्या दिवसा होणार, काही केवळ छायाकल्प, म्हणजे चंद्र फक्त विरळ छायेतून जाणारी, असल्याने डोळ्यांना कळणार नाहीत, काही ढगांत जाणार. त्याच्या हाती अंतरे येतील ती सहा, बारा, सतरा, अकरा, अठरा, तेवीस महिन्यांची. या आकड्यांकडे पाहून कोणताही नियम सुचणार नाही. पण ज्याने दर सहाव्या महिन्याची जागा मोकळी का होईना राखून ठेवली आणि तिथे ‘वेळ आली होती, दिसले नाही’ असे लिहिले, त्याला सतरा म्हणजे सहा, सहा आणि पाच हे दिसेल. तेवीस म्हणजे तीन सहा आणि एक पाच. रिकाम्या जागा भरल्याबरोबर बेशिस्त आकडे दोनच अंतरांत विरघळतात. मग प्रश्न उरतो तो पाच कुठे पडतो एवढाच, आणि त्याचेही उत्तर त्याच वहीत मिळते : आठ, सात, आठ, सात, आठ अशा गटांनंतर.

बाबिलोनच्या लेखनिकांनी नेमके हेच केले, असे त्यांच्या मातीच्या पाट्या सांगतात. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या त्यांच्या खगोलीय रोजनिशांपैकी सर्वांत जुनी उपलब्ध पाटी इ.स.पू. ६५२ ची आहे, शेवटची इ.स.पू. ६१ ची. सहा शतके एकाच पद्धतीने चाललेली ही नोंद आहे. तिच्यात चंद्र आणि ग्रहांच्या स्थितीबरोबर हवामान येते, युफ्रेटिस नदीच्या पाण्याची पातळी येते, जव, खजूर, मोहरी, तीळ आणि लोकर यांचे बाजारभाव येतात. आकाश झाकलेले असेल तर ढग होते, पाहिले नाही, असे स्पष्ट लिहिलेले आढळते. ग्रहण अपेक्षित होते पण ते दिवसा झाले, तर सूर्योदयापासून किंवा सूर्यास्तापासून किती वेळाने ते व्हायला हवे होते, याचा अंदाजही टिपलेला असतो. याखेरीज ग्रहणांच्या स्वतंत्र पाट्या आहेत. त्यांत अठरा-अठरा वर्षांचे उभे रकाने आखले आहेत, म्हणजे एकाच मालिकेतली ग्रहणे आडव्या ओळीत एकमेकांशेजारी येतात. त्या आखणीतच शोध आहे. नबोनस्सर राजाच्या कारकिर्दीपर्यंत, म्हणजे इ.स.पू. ७४७ पर्यंत मागे जाणाऱ्या नोंदी पुढे ग्रीकांच्या हाती गेल्या. टॉलेमीने आपल्या ग्रंथात वापरलेले सर्वांत जुने ग्रहण १९ मार्च, इ.स.पू. ७२१ चे आहे आणि ते बाबिलोनमध्ये पाहिलेले आहे. समुद्रात बुडालेल्या जहाजातून १९०१ साली अँटिकिथेरा बेटाजवळ वर काढलेल्या दातेरी चाकांच्या यंत्रात २२३ घरांची एक सर्पिलाकार तबकडी आहे; ग्रहणाच्या महिन्यांच्या घरांत खुणा कोरल्या आहेत, बहुतेक घरे रिकामी आहेत. शेजारच्या छोट्या तबकडीवर आठ आणि सोळा हे आकडे आहेत : कोणत्या आवर्तनात किती तास मिळवायचे ते दाखवणारे. दिवसाचा तो एक तृतीयांश तिथे काशाच्या धातूत कोरलेला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे लोक शकुन पाहत होते. भीतीपोटी लिहिलेल्या गोष्टीला ज्ञान कसे म्हणायचे? भीती होती हे खरे. ॲसिरियाचा राजा एसरहद्दोन याच्या दरबारात अशुभ ग्रहणाच्या वेळी दुसऱ्याच एखाद्या माणसाला काही काळ गादीवर बसवत आणि नंतर त्याला ठार करत, म्हणजे राजावरचे अरिष्ट त्याच्यावर जाईल. या प्रथेचा बचाव करण्याचे कारण नाही. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट वेगळी आहे. शकुनासाठी फक्त दिसलेले ग्रहण लागते. न दिसलेल्या ग्रहणाने राजाला धोका नसतो, असेच तिथले पंडित मानत. तरीही पुढच्या पिढ्यांतल्या लेखनिकांनी न दिसलेली ग्रहणे वेळेसकट लिहिली. शकुनविद्येला ज्याचा उपयोग नव्हता ते लिहून ठेवणे, हा त्या परंपरेतला खरा बदल आहे. ही माणसे कशासाठी लिहायला बसली, यापेक्षा काय लिहीत राहिली, यावर त्यांची पारख व्हावी.

दुसरा आक्षेप गणितज्ञांचा. २२३, २४२ आणि २३९ या आकड्यांची जुळणी हा निव्वळ योगायोग आहे. त्यामागे निसर्गनियम नाही. हे मी पूर्णपणे मान्य करतो. चंद्राच्या तीन फेऱ्यांचे काल इतके जवळ यावेत, असा कोणताही नियम नाही, आणि जुळणी अपुरीही आहे. आपल्या १९७१ ते २०२५ च्या मालिकेचेच बघा. ती १३०४ साली छायाकल्प ग्रहणाने सुरू झाली, २५६६ साली छायाकल्प ग्रहणानेच संपेल आणि तोवर तिची एकूण एकाहत्तर ग्रहणे होतील. १९७१ साली चंद्र सुमारे शंभर मिनिटे संपूर्ण छायेत होता. २०२५ साली ८२ मिनिटे. २०९७ नंतर ती खग्रास राहणार नाही. पण या मान्यतेने माझे म्हणणे सैल होण्याऐवजी पक्के होते. नियम असता तर तो सिद्धान्तातून काढता आला असता. योगायोग मात्र तर्काने निघत नाही. तो नोंदीतूनच हाती लागतो. सूर्यग्रहणांबाबत तसे झाले नाही, याचे कारणही हेच. चंद्रग्रहण अर्ध्या पृथ्वीवरून एकाच वेळी दिसते, खग्रास सूर्यग्रहण अरुंद पट्ट्यातून. एका गावात बसून त्याच्या नोंदी पुरेशा जमतच नाहीत. म्हणून ग्रीक विचारवंत थेलीसने इ.स.पू. ५८५ चे सूर्यग्रहण आधी वर्तवले, ही प्रसिद्ध कथा मला विश्वसनीय वाटत नाही. एवढ्या भाकितासाठी लागणारी वही त्याच्या काळात कोणाकडेच नव्हती.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. आपल्याकडे असे आवर्तन मोजण्याची गरजच पडली नाही, कारण आपल्याकडे सिद्धान्त होता. आर्यभटाने ४९९ साली भूच्छाया चंद्राला झाकते हे लिहिले, छायेची लांबी आणि व्यास काढण्याची रीत दिली; राहू हा गणिताने काढायचा पातबिंदू झाला. मग प्रत्येक ग्रहणाचा स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष थेट काढता येतात. अठरा वर्षांपूर्वी काय झाले ते कशाला बघायचे? ही कामगिरी थोर आहे यात वाद नाही. तिचा आवाका जॉन वॉरनने १८२५ साली मद्रासेत छापलेल्या ‘कालसंकलित’ या ग्रंथात दिसतो. पाँडिचेरीत एका तमिळ पंचांगकर्त्याने जमिनीवर कवड्या मांडून, तोंडपाठ कोष्टकांच्या आधारे, एकही आकडा न लिहिता ३१ मे १८२५ च्या रात्रीचे चंद्रग्रहण काढून दाखवले. स्पर्शकालात चूक चारच मिनिटांची होती. पण मध्यात ती तेवीस मिनिटांची झाली आणि मोक्षात बावन्न मिनिटांची. पद्धत शतकानुशतके बिनचूक हस्तांतरित झाली होती. ती ज्या आकाशासाठी होती त्याच्याशी तिची गाठ पुन्हा घालून देणारे कोणी मधे राहिले नव्हते.

सिद्धान्त असला की नोंद लागत नाही, हे आपल्याच परंपरेतल्या मोठ्या माणसांनी मानलेले नाही. केरळच्या परमेश्वराने कित्येक वर्षे ग्रहणांचे वेध घेतले, गणिताशी ताडून पाहिले आणि १४३१ साली ‘दृग्गणित’ रचले. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावी केशव दैवज्ञाने स्वतः वेध घेऊन जुन्या ग्रंथांत किती अंतर पडले आहे ते सांगितले, आणि त्याचा मुलगा गणेश याने त्याच पायावर शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिले. त्रिकोणमितीच्या ज्या कोष्टकांवाचून ग्रहगणित अशक्य वाटे, ती टाळून, ४,०१६ दिवसांचे म्हणजे अकरा वर्षांचे चक्र धरून त्याने गणित इतके सोपे केले की महाराष्ट्रातली पंचांगे जवळजवळ चारशे वर्षे त्यावर चालली. मला खंत वाटते ती याच ठिकाणी. ग्रंथ चारशे वर्षे चालला. त्याला जन्म देणारे वेध घेण्याचे काम मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले नाही. म्हणून केरो लक्ष्मण छत्र्यांना १८६० साली ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ युरोपीय आधारांवर रचावी लागली, आणि पंचांग दृक्प्रत्ययाला उतरले पाहिजे की परंपरेला, हा वाद आपल्याकडे पुढे अनेक वर्षे पेटत राहिला. आपल्या पूर्वजांच्या नोंदी बहुधा अनपेक्षित ठिकाणी सापडतात : दानपत्रांत आणि शिलालेखांत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दिलेले दान श्रावणातल्या चंद्रग्रहणाच्या वेळी दिल्याचे लिहिले आहे आणि ते ग्रहण ९ ऑगस्ट १२०७ चे, हे गणिताने जुळते. धर्मकृत्याच्या निमित्ताने का होईना, तारीख दगडात राहिली.

राहिला चौथा आक्षेप : आज गुरुत्वाकर्षणाचे समीकरण आणि संगणक हाती असताना जुन्या वह्यांची काय मातब्बरी? याचे उत्तर मोजून देता येते. आजच्या समीकरणांनी मागे जाऊन बाबिलोनची ग्रहणे काढली आणि पृथ्वी तेव्हाही आजच्याच वेगाने स्वतःभोवती फिरत होती असे धरले, तर इ.स.पू. ७०० च्या सुमाराच्या ग्रहणांच्या वेळा साडेपाच तासांच्या आसपास चुकतात. चूक लेखनिकांची नाही. पृथ्वीचा दिवस लांबत चालला आहे. स्टीफन्सन, मॉरिसन आणि होहेनकेर्क यांनी २०१६ साली जुन्या ग्रहणांच्या नोंदी एकत्र करून काढलेला वेग शतकाला सुमारे १.८ मिलिसेकंद आहे. केवळ भरती-ओहोटीच्या घर्षणाचा हिशेब केला तर तो सुमारे २.३ यायला हवा. या फरकात हिमयुगातल्या बर्फाचा भार उतरल्यावर वर उचलली जाणारी जमीन आणि पृथ्वीच्या गाभ्यातल्या हालचाली यांचा वाटा असल्याचे मानले जाते. पृथ्वीच्या पोटातल्या इतक्या सूक्ष्म बदलाची साक्ष सत्तावीसशे वर्षांपूर्वीच्या पाटीने दिली, कारण सूर्यास्तानंतर किती वेळाने छाया लागली ते कोणीतरी पाणघड्याळाने मोजून लिहिले होते. कोणत्या सिद्धान्तासाठी ते लागणार आहे, हे त्याला माहीत असण्याची शक्यताच नव्हती.

आणि काम संपलेले नाही. खग्रास चंद्र किती काळवंडेल, तांबूस दिसेल की राखाडी, हे आजही आधी नीट सांगता येत नाही. ते पृथ्वीच्या वातावरणातल्या धुळीवर अवलंबून असते. बालीतल्या आगुंग ज्वालामुखीच्या १९६३ च्या उद्रेकानंतर त्या डिसेंबरातले ग्रहण, आणि १९९१ च्या पिनातुबोनंतर डिसेंबर १९९२ चे ग्रहण विलक्षण काळोखे झाले. त्यासाठी फ्रेंच खगोलज्ञ दाँजाँने शून्य ते चार अशी साधी श्रेणी घालून दिली आहे. तिला दुर्बीणही लागत नाही. पृथ्वीची छाया वातावरणामुळे गणितापेक्षा सुमारे दोन टक्के मोठी पडते, आणि ती नेमकी किती मोठी, हे चंद्रावरची विवरे छायेत केव्हा शिरतात याच्या वेळा टिपून ठरवतात. ते काम छोट्या दुर्बिणीने होते. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री १० वाजून २२ मिनिटांनी महाराष्ट्रात पुन्हा खग्रास ग्रहणाचा मध्य आहे. २९ नोव्हेंबर १९७४ च्या ग्रहणाचे ते तिसरे आवर्तन. त्या रात्रीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आकाशनिरीक्षण मंडळांनी आणि शाळांनी एकच नमुना ठरवावा : स्थळ, स्पर्श आणि मोक्षाच्या वेळा मिनिटापर्यंत, खग्रास मध्याला दाँजाँ श्रेणी, आकाशाची स्थिती. ज्या गावावर त्या रात्री ढग असतील, त्या गावानेही आपला तक्ता भरून पाठवावा.